लंडन ते नागपूर : अंतर, वेग आणि वेळ यांचा एक धडा

स्मरणिकेत आठवणी असतात, मनोगते असतात, सत्काराची भाषणे असतात. या अंकासाठी मात्र संपादक मंडळाने आमच्याकडे वर्गात शिकवला जाणारा एखादा धडा मागितला. आम्ही गणित आणि भूगोल शिकवणारी मंडळी. अनेक धडे डोळ्यांसमोर आले. परंतु जो धडा आम्ही स्वतः चूक करून शिकलो, तोच माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावा, असे आमच्यात एकमताने ठरले. धड्याचा विषय साधा आहे : दोन विमानतळांमधील अंतर किती आणि ते कापण्यास विमानाला वेळ किती लागतो?

आज आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली मुले पुण्या-बंगळुरूतच नव्हे, तर लंडन, दुबई, सिंगापूर येथेही नोकरी करीत आहेत. त्यांच्या आईवडिलांपैकी अनेकांनी अद्याप विमानात पाऊल ठेवलेले नाही. मुलगा निघाला की पोहोचणार केव्हा, हा प्रश्न त्यांच्या घरात वारंवार उभा राहतो आणि त्याचे उत्तर विचारण्यासाठी ते हक्काने शाळेकडे पाहतात.

आमची चूक

काही वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातील गोष्ट. लंडनमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील दुपारी अचानक वारले. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच्या काकांचा फोन आला. मुलाला तिकीट मिळाले होते. विमान लंडनहून रात्री नऊला सुटणार होते आणि पुढे मुंबईहून नागपूरला यायचे होते. काकांनी विचारले, "सर, पोरगा किती वाजेपर्यंत पोचन जी? त्या हिशेबानं लोकांना कळवतो."

आम्ही कागद घेतला. लंडन ते मुंबई सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे आठ तास. रात्री नऊ अधिक आठ, पहाटेचे पाच. मुंबई ते नागपूर एक तास. नागपूरहून त्यांचे गाव १२० किलोमीटर, जीपने अडीच तास. मध्ये दीड तास हाताशी ठेवला आणि सांगितले, "सकाळी दहापर्यंत येईल."

त्या शब्दावर काकांनी अंत्यसंस्काराची वेळ सकाळी अकराची ठरवली. दूरदूरच्या गावांहून नातेवाईक दहा वाजताच येऊन थांबले. पावणेबारा वाजता मुलाचा फोन आला. तो तेव्हा कोठे मुंबईत उतरला होता. जमलेल्या माणसांना परतीच्या गाड्या गाठायच्या होत्या, त्याने स्वतःच सांगितले, "माझ्यासाठी थांबू नका." अंत्यसंस्कार दुपारी झाले. तो घरी पोहोचला रात्री साडेआठला.

त्याने आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु योग्य वेळ आदल्या संध्याकाळीच कळली असती, तर कुटुंबाने विधी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला असता, हे काकांनी पुढे बोलता बोलता सांगितले. आमचा हिशेब साडेदहा तासांनी चुकला होता. गुणाकार-भागाकार मात्र एकही चुकलेला नव्हता. मग चूक कोठे झाली? त्याचाच शोध या धड्यात घ्यावयाचा आहे.

अंतर : पृथ्वीवरची सरळ रेषा

प्रथम अंतराचा विचार करू. नागपूर आणि मुंबई यांच्यामधील अंतर किती, असे विचारल्यास तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही खरी असतात. लोहमार्गाने ते ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर मात्र सुमारे ६८३ किलोमीटर भरते. रेल्वेला घाट टाळावे लागतात, गावे जोडावी लागतात. हवाई अंतर मोजताना मध्ये काहीच येत नाही.

हे हवाई अंतर कोणी फीत धरून मोजलेले नसते. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश ठरलेले असतात आणि त्यांवरून गणिताने अंतर काढतात. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्याचे ३६० अंश केले की एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्यास दोन ठिकाणांमध्ये जितक्या अंशांचा कोन होतो, त्याला १११ ने गुणले की अंतर मिळते. नागपूर आणि मुंबई यांच्यामध्ये हा कोन सव्वासहा अंशांहून किंचित कमी आहे. लंडनचे हीथ्रो विमानतळ आणि मुंबई यांच्यामध्ये तो सुमारे ६५ अंशांचा आहे; म्हणून अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. वैमानिक ज्या सागरी मैलात अंतर मोजतात, त्याचे मूळही येथेच आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट आणि एका मिनिटाच्या चापाची लांबी म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाचा उपयोग देशाने एकेकाळी फार सुंदर रीतीने करून घेतला होता. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरपासून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ६८०, दिल्लीचे ८५०, चेन्नईचे ९०० आणि कोलकात्याचे ९८५ किलोमीटर आहे. त्या वेळची डकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडत. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : मुंबईच्या विमानाला अडीच तास, तर कोलकात्याच्या विमानाला साडेतीन तासांहून थोडे अधिक. चारही विमाने एकाच सुमारास नागपुरात यावीत, म्हणून त्यांना वेगवेगळ्या वेळी निघावे लागे. अंतर ठरलेले, वेळ मात्र माणसाने जुळवून आणायची.

नकाशावरची रेषा आणि गोलावरचा दोरा

आता एक प्रयोग. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर लंडन आणि मुंबई यांना पट्टीने जोडा. रेषा लंडनहून आग्नेयेकडे तिरपी उतरते. मग पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये एक दोरा ताणून धरा. मुंबई लंडनच्या कितीतरी दक्षिणेला, ३२ अंशांहून अधिक खाली आहे. तरीही दोरा लंडनमधून जवळजवळ सरळ पूर्वेकडे निघतो आणि पुढे हळूहळू दक्षिणेकडे वळतो. तो जर्मनी, पोलंड आणि युक्रेन यांवरून काळ्या समुद्राकडे येतो. पुढे कॅस्पियन समुद्र, इराण आणि पाकिस्तान ओलांडून अरबी समुद्रावरून मुंबईत उतरतो.

ताणलेला दोरा नेहमी जवळची वाट पकडतो. गोलावरच्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताचा चाप म्हणतात. नकाशा सपाट आहे, पृथ्वी सपाट नाही. म्हणून नकाशावरची सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात लांबची ठरते. लंडन-मुंबईच्या बाबतीत ती सुमारे २०० किलोमीटरने लांब आहे. नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या अंतरात हा फरक जाणवण्याइतका नसतो.

दोऱ्याला जाता येते तेथे विमानाला मात्र नेहमी जाता येत नाही. आकाशालाही सीमा आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले आणि भारतानेही त्यांच्या विमानांना मनाई केली. आपला दोरा या दोन्ही देशांवरून जातो. अशा वेळी विमानाला वळसा घ्यावा लागतो आणि अंतर वाढते. म्हणून पुस्तकातील ७,२०० किलोमीटर हे किमान अंतर समजावे. प्रत्यक्ष अंतर त्या दिवसाच्या मार्गावर अवलंबून असते.

वेग : ५१ मिनिटांचा प्रवास दीड तासाचा का होतो?

मुंबई-नागपूरचे ६८३ किलोमीटर ताशी ८०० च्या वेगाने कापल्यास ५१ मिनिटे लागतात. तिकिटावर मात्र दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लिहिलेला असतो. विमान कंपनी उगीच वेळ वाढवून सांगते की काय, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला होता. उत्तर असे आहे की तिकिटावरचा वेळ हा केवळ उडण्याचा वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात.

त्या काळाची फोड उदाहरणादाखल अशी करता येते.

जमिनीवर धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे : १५ मिनिटे.
उड्डाण आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीपर्यंत चढणे, अंतर सुमारे २०० किलोमीटर : २२ मिनिटे.
उंचीवर समतल उड्डाण, अंतर सुमारे २८३ किलोमीटर : २१ मिनिटे.
उतरत येऊन धावपट्टीला लागणे, अंतर सुमारे २०० किलोमीटर : २५ मिनिटे.
धावपट्टीवरून आपल्या जागेपर्यंत : ७ मिनिटे.
एकूण : ९० मिनिटे.

ताशी ८०० किलोमीटरचा वेग या ९० मिनिटांपैकी फक्त २१ मिनिटेच मिळाला, हे ध्यानात घ्यावे. विमान चढताना संथ असते. उतरताना, विशेषतः दहा हजार फुटांखाली आल्यावर, त्याला आपला वेग साधारण २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत आणावा लागतो. मुंबईसारख्या विमानतळावर आणखी एक अडचण आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते.

यावरून एक उपयुक्त नियम हाती येतो. प्रवास जितका जवळचा, तितका 'अंतर भागिले वेग' हा हिशेब अधिक फसवा. लंडनच्या सात हजार किलोमीटरांत चढण्या-उतरण्याचा वाटा लहान असतो. तेथे भागाकाराने आठ तास येतात आणि वेळापत्रकात साधारण नऊ तास असतात. नागपूरच्या प्रवासात मात्र तोच वाटा अर्ध्याहून मोठा होतो.

वारा : जाण्याचा वेळ वेगळा, येण्याचा वेगळा

नदीतील नाव आणि प्रवाह यांची गणिते आपण सर्वांनी शाळेत सोडवली आहेत. प्रवाहाच्या दिशेने नाव लवकर जाते, प्रवाहाविरुद्ध उशिरा. विमानही हवेच्या नदीतील नावच होय. त्याचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या तुलनेत असतो. हवा स्वतः वाहत असेल, तर जमिनीच्या तुलनेत वेग बदलतो.

साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहते. पावसाळ्यात ती उत्तरेकडे सरकते. लंडनहून मुंबईला येताना हा वारा बहुधा पाठीशी असतो आणि मुंबईहून लंडनला जाताना समोर. म्हणून वेळापत्रकातही जाण्याचा वेळ येण्याच्या वेळेपेक्षा अर्धा-एक तास अधिक असतो.

गणित करून पाहू. वारा सरासरी ताशी ६० किलोमीटर धरू. येताना वेग ९६० होतो. ७,२०० किलोमीटरांना साडेसात तास लागतात. जाताना वेग ८४० होतो. वेळ सुमारे ८ तास ३४ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही वेळा आठ तास लागले असते. येताना ३० मिनिटे वाचली, पण जाताना ३४ मिनिटे गेली. हा चार मिनिटांचा फरक विद्यार्थ्यांना नेहमी चकित करतो. कारण सोपे आहे : विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ असते, म्हणून त्याचा तोटाही अधिक काळ सोसते.

वाऱ्याचे सामर्थ्य किती, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशाच्या विमानसेवेचे आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून पश्चिमेकडे जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला आणि एकूण अंतर १५,३०० किलोमीटरच्या घरात गेले. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे ते सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. अंतर अधिक आणि वेळ कमी, असेही घडू शकते ते असे.

घड्याळ : आमची सर्वांत मोठी चूक

साडेदहा तासांच्या चुकीतील साडेपाच तास एकट्या घड्याळाचे होते. 'रात्री नऊ' हे लंडनचे नऊ होते. आम्ही ते आपले नऊ धरले.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरवलेली आहे. लंडनमधील ग्रीनिचचे रेखांश शून्य. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास. हे गणित आम्ही दरवर्षी फळ्यावर करून दाखवीत होतो. त्या संध्याकाळी आमच्या हातातील कागदावर मात्र ते उतरले नाही.

येथे आणखी एक बारकावा आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. म्हणून हिवाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचा फरक असतो, तर उन्हाळ्यात साडेचार तासांचा.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. लंडनहून रात्री ९ ला सुटून मुंबईत सकाळी ११.३० ला पोहोचणारे विमान साडेचौदा तास उडत आहे, असे वाटते. प्रत्यक्षात प्रवास नऊ तासांचा असतो. उलट जुलै महिन्यात मुंबईहून दुपारी १ वाजता सुटणारे विमान दहा तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथील घड्याळात संध्याकाळचे ६.३० झालेले असतात. साडेपाच तासांतच पोहोचला, असे घरच्यांना वाटते. म्हणून नियम एकच : आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहाव्यात आणि मगच बेरीज-वजाबाकी करावी.

विमानतळावरचा वेळ

आता उरलेली चूक. परदेशातून येणारा प्रवासी भारतात ज्या विमानतळावर प्रथम उतरतो, तेथेच त्याची पारपत्र तपासणी होते. तेथेच त्याला आपले सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क विभागातून बाहेर पडावे लागते आणि पुढच्या विमानासाठी ते पुन्हा सुपूर्द करावे लागते. देशांतर्गत विमानासाठीही सामान घेणे विमान सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होते. टर्मिनल बदलावे लागल्यास आणखी वेळ जातो. आता नवी मुंबईतही विमानतळ झाले आहे. तेव्हा पुढचे विमान कोणत्या विमानतळावरून सुटते, हे तिकिटावर वाचून घेतलेच पाहिजे. शिवाय नागपूरची विमाने दर तासाला सुटत नाहीत. पुढचे विमान चार वाजता असेल, तर साडेअकराला उतरलेल्या माणसाला चारपर्यंत थांबावेच लागते.

यांपैकी कोणतीही गोष्ट किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. म्हणूनच ती आमच्या कागदावर आली नव्हती.

खरा हिशेब

त्या दिवशीचा हिशेब आम्हाला पुढीलप्रमाणे मांडायला हवा होता. सर्व वेळा भारतीय आहेत.

लंडनहून प्रस्थान (तेथील रात्री ९) : मध्यरात्रीनंतर २.३०.
नऊ तासांचा प्रवास, मुंबईत आगमन : सकाळी ११.३०.
तपासणी, सामान आणि पुढच्या विमानाची वाट. मुंबईहून प्रस्थान : दुपारी ४.००.
दीड तासाचा प्रवास, नागपुरात आगमन : सायंकाळी ५.३०.
सामान घेऊन विमानतळाबाहेर : ६.००.
अडीच तासांचा रस्ता, घरी : रात्री ८.३०.

आमच्या 'सकाळी दहा'शी याची तुलना केली, की साडेदहा तासांची फोड होते : घड्याळाचे साडेपाच तास, लंडनच्या प्रवासातील एक तास, नागपूरच्या प्रवासातील अर्धा तास आणि विमानतळांवरचे साडेतीन तास. आम्ही ज्याला 'हाताशी ठेवलेला वेळ' म्हटले, तो दीड तास येथे कोठेच पुरला नाही.

विमानाची वेळ विचारली असता केवळ अंतर आणि वेग यांवरून उत्तर देऊ नये, हे आम्ही यातून शिकलो. मुंबईहून पुढचे विमान किती वाजता आहे, हा एकच प्रश्न काकांना उलट विचारला असता, तरी आमची चूक तेथेच उघडी पडली असती. उत्तराची घाई आमची होती. शिक्षकाला 'थांबा, विचारून सांगतो' असे म्हणण्यात कमीपणा वाटू नये, ही शिकवण आम्हाला त्या प्रसंगाने दिली.

विद्यार्थ्यांसाठी आणि घरच्यांसाठी

तेव्हापासून नववीच्या वर्गात हा धडा आम्ही दरवर्षी घेतो. त्यातील काही प्रश्न येथे देत आहोत. पालकांनी मुलांबरोबर बसून ते सोडवावेत.

१. पृथ्वीगोलावर नागपूर आणि दिल्ली यांच्यामध्ये दोरा ताणा. तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते पाहा आणि १११ ने गुणा. उत्तर ८५० किलोमीटरच्या जवळ आले का?

२. मुंबईहून नागपूरला येताना ताशी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे. हवेच्या तुलनेत वेग ताशी ८०० असल्यास ६८३ किलोमीटरांना किती मिनिटे लागतील? तोच वारा समोर असता तर किती लागली असती?

३. ऑगस्ट महिन्यात लंडनहून सकाळी १० वाजता विमान सुटले. प्रवास नऊ तासांचा आहे. मुंबईत ते किती वाजता उतरेल? हेच विमान डिसेंबरमध्ये असेल तर?

४. आपल्या गावापासून जवळच्या विमानतळापर्यंत रस्त्याने किती वेळ लागतो? तो वेळ विमानाच्या प्रवासापेक्षा कमी आहे की अधिक?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत 'अधिक' असेच येते. मुंबईहून नागपूरला दीड तासात पोहोचणारा माणूस आपल्या गावी जाण्यास अडीच तास घेतो.

दूर देशी असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून हा लेख संपवतो. घरी येण्यास निघाल, तेव्हा फक्त 'निघालो' असा निरोप पाठवू नका. तिकिटाचे छायाचित्र घरी पाठवा आणि त्याखाली तीन वेळा भारतीय वेळेत मराठीत लिहा : मुंबईत किती वाजता उतरणार, पुढचे विमान किती वाजता सुटणार आणि घराच्या दारात किती वाजता पोहोचणार. तिसरी वेळ तिकिटावर कोठेच छापलेली नसते. ती तुम्हालाच काढावी लागेल. आणि घरची माणसे वाट पाहतात ती त्याच वेळेची.